बचत गटाला बँकेचं कर्ज पाहिजे? मग आधी वही काढा

मला महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात, ताई आम्ही दहा-बारा जणी जमलोय, आता कर्ज कधी मिळंल. आणि मी विचारते मीटिंग किती झाल्या, तर पलीकडं शांतता. म्हणून हे एकदाच लिहून टाकते. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आधी गटाची सचिव होते, नंतर सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) म्हणून दुसऱ्या गावात गट बांधायला जायला लागले, त्यामुळं जे सांगतेय ते केलेलं आहे, आणि त्यातलं बरंच आधी चुकून मग शिकलेलं आहे.

किती जणी आणि कोण कोण

गटात किमान १० आणि जास्तीत जास्त २० बायका. डोंगराळ-आदिवासी भाग असेल किंवा दिव्यांग महिलांचा गट असेल तर ५ जणी पण चालतात. एका घरातून एकच, म्हणजे सासू-सून एका गटात नको, आणि एका बाईनं एकाच गटात राहायचं. शक्यतो एकाच वस्तीवरच्या घ्या कारण दर आठवड्याला भेटायचंय, आणि मळ्यातली एखादी चार किलोमीटरवरून तीन आठवडे येते न चौथ्या आठवड्याला बंद होते.

नोंदणीसाठी कुठं पळापळ करायची गरज नाही, २० पर्यंतच्या गटाला नोंदणीची सक्ती नाही. पण गावात उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, ग्रामसंघ (गावातल्या गटांचा संघ) असेल तर त्याच्याशी आणि पंचायत समितीतल्या उमेदच्या ऑफिसशी आधी बोला, गट त्यांच्या यादीत आला नाही तर पुढचे निधी मिळत नाहीत. काही भागात माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट आहेत, त्यांचं काम लोकसंचालित साधन केंद्रातून चालतं, ते पण चांगलंय. दोन्हीकडं एकदम नाव घालायला जाऊ नका मात्र.

अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष निवडताना एक सांगते, सरपंचाच्या घरातली म्हणून अध्यक्ष करू नका. जिला नाही म्हणता येतं तिला करा. कारण पुढं कर्ज मागायला जवळचीच येणार आहे, आणि हप्ता थकला की बोलायला पण हिलाच जायचंय.

वही, म्हणजे खरं काम

पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित लेखे. पाठ असते आणि पाचवी सोडून देतात. बँक मात्र पाचवीच बघते, कारण पहिल्या चार झाल्या की नाही हे तिला पाचवीतूनच कळतं.

आमची गंमत ऐका. पहिल्या वेळी बँकेत गेलो तेव्हा मॅनेजर साहेबांनी इतिवृत्ताची वही घेतली, चार पानं चाळली, आणि विचारलं हे सगळं एका दिवसात लिहिलंय का. मी म्हटलं नाही नाही. त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. २५ मीटिंगा, सगळ्या एकाच निळ्या पेनानं, अक्षर पण कुठं वाकडं नाही. मग त्यांनी एका तारखेवर बोट ठेवलं, आषाढी एकादशी. हजेरी १२ पैकी १२. साहेब आमच्याच भागातले, म्हणाले, ताई, त्या दिवशी अख्खं गाव पंढरपुरात असतं, तुमचा गट तेवढा घरी होता का. मी खाली बघत बसले. मीटिंगा झाल्या होत्या हो, दोन-चार सोडल्या तर सगळ्या झाल्या होत्या, बचत पण भरलेली होती, पण लिहायचं राहिलेलं आणि बँकेत जायच्या आदल्या रात्री बसून मी सगळं उतरवून काढलेलं. फाईल परत. तीन महिने गेले.

तर लिहायचं त्याच दिवशी, मीटिंग चालू असताना. कोण आलं, कोण नाही, कुणी किती बचत भरली, कुणाचा हप्ता आला, कुणाला किती दिले आणि कशासाठी, शेवटी हातात रोख किती न बँकेत किती. खाडाखोड झाली तर होऊ द्या, एक रेघ मारून बाजूला सही करा. मीटिंग झाली नाही तर "झाली नाही, सगळ्या वारीला" असं लिहा, त्यानं काही बिघडत नाही. प्रत्येकीचं वेगळं पासबुक भरा, आणि जिला वाचता येत नाही तिला आकडा तोंडानं सांगून मग सही-अंगठा घ्या. आता बरंच ऑनलाईन पण भरतात लोकओएस नावाच्या ॲपवर, तो डेटा ग्रामसंघाची ताई भरते, पण ती तुमच्याच वहीतून भरते.

आणि अंतर्गत कर्ज द्याच. बऱ्याच गटांना वाटतं पैसे साठवून ठेवले की बँक खूश, उलट बँक म्हणते तुम्ही आपापसात हजार रुपये फिरवले नाहीत तर लाख कसे फिरवणार. दवाखान्याला ५००, बी-बियाण्याला २०००, असं देत राहायचं, व्याज शेकडा १ ठेवा. जुने गट शेकडा २ घ्यायचे, म्हणजे वर्षाला २४ टक्के, मग सावकारात न आपल्यात फरक काय राहिला.

बँकेतलं खातं

एक ठराव लिहायचा की अमुक बँकेत गटाचं बचत खातं काढायचंय आणि तिघींपैकी दोघींच्या सहीनं व्यवहार होईल. खातं काढताना फक्त तिघी पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते, सगळ्या बारा जणींची मागितली तर अदबीनं सांगा की रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे, बाकीच्यांची कर्जाच्या वेळी बघा. एक अडचण नक्की येणार, आधारवर माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचं, आणि रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी. ही नावं पहिल्या महिन्यातच सरळ करून घ्या, कर्जाच्या वेळी यात महिना जातो आणि गट चिडचिड करायला लागतो.

पैसे कुठून कुठून येतात

बँक आणि बचत गट जोडायचं काम नाबार्डनं १९९२ साली ५०० गटांपासून सुरू केलं, तेव्हापासून मूळ विचार तोच आहे की गटाची शिस्त हेच तारण. जमीन, सोनं, सातबारा काही लागत नाही.

पहिल्यांदा येतो फिरता निधी. गट पंचसूत्री पाळून तीन-सहा महिने चालला की उमेदकडून मिळतो, महाराष्ट्रात आधी १५ हजार होता तो २०२३ ला ३० हजार केला. हा गटाला परत द्यायचा नसतो, पण वाटून खायचा पण नसतो, तो गटातच फिरतो, नावातच आहे. त्यानंतर ग्रामसंघामार्फत समुदाय गुंतवणूक निधी मिळू शकतो, तो परतफेडीचा. आणि मग बँकेचं कर्ज.

बँकेचं गणित असं. गट किमान सहा महिने चालू पाहिजे, आणि हे सहा महिने वहीवरून मोजायचे, खातं काढल्या तारखेपासून नाही. हे खूप ब्रांचमध्ये चुकीचं सांगतात, म्हणून लक्षात ठेवा. पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या ६ पट किंवा किमान दीड लाख, जे जास्त असेल ते. एकूण निधी म्हणजे बचत, त्यावर गटात मिळालेलं व्याज आणि फिरता निधी सगळं मिळून. समजा १२ जणी, आठवड्याला २५ रुपये, २६ आठवडे, झाले ७,८००. फिरता निधी ३०,०००. व्याज धरा हजार. ३८,८०० झाले, सहा पट केले की २ लाख ३२ हजार ८००. बघा, आठवड्याच्या पंचवीस रुपयातून.

३ लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज वर्षाला ७ टक्के. १० लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन नाही, म्हणजे आपला हिस्सा आधी भरायचा नाही. आणि गटाच्या बचत खात्यावर होल्ड लावता येत नाही, कर्जासाठी आधी एफडी करा असं पण सांगता येत नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या गटाला एका बँकेत सांगितलं होतं की २० हजाराची एफडी करा मग बघू, त्यांनी केली पण बिचाऱ्यांनी. असं झालं तर भांडण नको, बँक सखीला (बँकेत गटांना मदत करणारी ताई) नाहीतर उमेदच्या तालुक्याच्या साहेबांना सोबत न्या आणि लेखी मागा की एफडी कोणत्या नियमात आहे. लेखी कुणी देत नाही.

अजून एक, गटात एखादी आधीची थकबाकीदार असेल तर त्या एकीमुळं सगळ्या गटाचं कर्ज अडवता येत नाही. मुद्दाम बुडवलेलं असेल तर तिला या कर्जातला वाटा मिळणार नाही इतकंच, बाकीच्यांना मिळतं.

बँक बहुतेक वेळा सीसी खातं देते. हे नीट समजून घ्या, सीसी म्हणजे लिमिट, वापराल तेवढ्यावर व्याज. पण गट काय करतात, पहिल्या दिवशी सगळी रक्कम काढतात आणि मग नुसतं भरत बसतात. सीसी खात्यात भरायचं पण असतं आणि काढायचं पण असतं, लागेल तेव्हा लागेल तेवढं काढा.

वाटायचं कसं (इथंच गट बिघडतात)

आमचं पहिलं कर्ज दीड लाखाचं, आम्ही सरळ १२ ने भागलं. प्रत्येकी साडेबारा हजार. कुणाला कमी-जास्त नको, रुसवेफुगवे नको, असा विचार. वर्षानं बसून हिशोब केला तर एकीच्या घरावर पत्रे आलेले, एकीनं पोराची फी भरलेली, एकीच्या नवऱ्याच्या हातात नवा मोबाईल, आणि दोघींनी तेवढं काहीतरी कमाईचं केलेलं. बाकीच्या हप्ता भरायला रोजंदारीवर जात होत्या. ज्या बाईला शेळ्या घ्यायच्या होत्या तिला साडेबारा हजारात हवी होती तेवढी जनावरं येईनात, आणि जिला कर्ज नकोच होतं तिच्या गळ्यात पडलं.

म्हणून सूक्ष्म पतपुरवठा आराखडा करतात. नाव मोठं आहे, काम साधं. एक मोठी मीटिंग ठेवा, घाई नको, चहा ठेवा. एकेकीला विचारा घरात महिन्याला किती येतात, कुठून येतात, किती जातात, आत्ता कुणाचं देणं आहे. बायका आधी सांगत नाहीत. आमच्या मीटिंगला एक काकू म्हणाली माझं काही देणं नाही, आणि तासाभरानं, तीन जणींचं ऐकून झाल्यावर, हळूच म्हणाली की धाकट्याच्या दवाखान्याला सावकाराचे २५ हजार काढलेत, महिन्याला शेकडा ५ नं. म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये नुसतं व्याज, मुद्दल तिथंच. आम्ही सगळ्यात पहिले तिचे पैसे लिहिले. गटाच्या कर्जातून असं महागडं देणं फेडता येतं, त्याला नियमात पण परवानगी आहे, आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर म्हैस घेण्याच्या आधी सावकार काढावा.

मग प्रत्येकीसमोर लिहा, किती पाहिजे, कशासाठी, पैसा कधीपासून सुटंल, हप्ता किती झेपंल. शेळीवाल्या बाईला पहिल्या महिन्यापासून मोठा हप्ता लावला तर ती शेळी विकूनच हप्ता भरणार ना. बँक पहिल्या कर्जाला २४ ते ३६ महिने देते, त्यात बसवा. जिला आत्ता नको तिला "नको" म्हणून लिहा, तिचा नंबर पुढं.

आणि एकीच्या नावावर दुसरीनं कर्ज घ्यायचं नाही. बहीण असली तरी नाही. नवऱ्याच्या सांगण्यावरून तर अजिबातच नाही. मी यात एक गट मोडलेला बघितलाय, नऊ वर्षं चाललेला.

व्याजाची भाषा

हे शिकायला पाच मिनिटं लागतात. समजा ५० हजार, २ वर्षं, १२ टक्के. घटत्या शिलकीवर व्याज असेल, म्हणजे जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच, तर महिन्याचा हप्ता साधारण २,३५४ आणि दोन वर्षाचं व्याज साडेसहा हजाराच्या आत. तेच फ्लॅट १२ टक्के असेल तर व्याज सरळ १२ हजार, हप्ता २,५८३. आकडा दोन्हीकडं बाराच, पण फ्लॅटचा खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून कुणीही दर सांगितला की विचारायचं, फ्लॅट का घटता. आणि एकूण परत किती द्यायचे ते कागदावर लिहून घ्यायचं.

हे आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल तर म्हसवडची गोष्ट ऐका. माण तालुक्यात चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, माणदेशी, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला कारण अर्जावर अंगठेच अंगठे. मग त्या बायका परत अधिकाऱ्यांकडं गेल्या आणि म्हणाल्या वाचता येत नाही पण व्याज विचारा, तोंडी सांगतो. परवाना मिळाला, १९९७ ला बँक उभी राहिली.

फायनान्सवाले दादा

गावोगावी ग्रुप लोनवाले येतात, पाच-दहा जणी जमवतात, आठवड्यात पैसे. ते वाईटच असं मी म्हणणार नाही, बँक दारात उभं करत नाही तेव्हा बाई तिकडं जाणारच. पण हा बचत गट नाही, तिथं तुमची बचत नाही, निधी नाही, आणि व्याज वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात असतं. शिवाय एकीचे तीन ठिकाणी हप्ते सुरू झाले की एकाचा हप्ता दुसऱ्याच्या कर्जातून जायला लागतो, आणि ते लवकर कळत नाही.

घेतलंच तर २०२२ पासूनचे रिझर्व्ह बँकेचे नियम माहीत पाहिजेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तुम्हाला कळणाऱ्या भाषेत व्याज-खर्चाचा कागद मिळाला पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुली सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर नाही, आणि ठरलेल्या जागी, दारात येऊन तमाशा नाही. हे एका कागदावर लिहून मीटिंगच्या खोलीत लावा, आमच्याकडं लावलंय.

धंदा

इथं मी एकच उदाहरण देते, कारण ते माझ्या डोळ्यासमोरचं आहे. आमच्यातल्या तिघींनी शेंगा चटणी आणि कडक भाकरी सुरू केली, सोलापुरात याला गिऱ्हाईक कमी नाही. चटणी ३०० रुपये किलो लावली, शेंगदाणे १३० चे, वाटलं निम्म्याहून जास्त सुटतंय. दोन महिने माल जातोय आणि हातात काहीच नाही. मग एका दुपारी कॅलेंडरच्या मागं लिहायला बसलो. १० किलो चटणीला शेंगदाणे ९ किलो, ११७०. तिखट, लसूण, जिरं, मीठ ३५०. पाव किलोची ४० पाकिटं लेबलसकट १६०. डंकावर कुटायचे १००. दुकानापर्यंत गाडीभाडं २००. इथपर्यंत त्यांनी पण धरलं होतं. मग मी विचारलं, तुमची मजुरी? तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या. दोघींचा एक दिवस धरा ६००. झाले २५८०. विक्री ३०००, त्यातून दुकानदाराचं १५ टक्के कमिशन ४५० गेलं, राहिले २५५०. म्हणजे १० किलोमागं ३० रुपये तोटा, आणि आम्ही खूश की खप चांगलाय.

भाव ३६० केला, दोन दुकानं सुटली, बाकीची राहिली. १० किलोला ४८० सुटायला लागले, मजुरी धरून. उधारी बंद केली, निदान मागची दिल्याशिवाय पुढचा माल नाही एवढं तरी. खाण्याच्या पदार्थाला एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची) नोंदणी लागते, ती छोट्या धंद्याची साधीच असते, महा ई-सेवा केंद्रात भरून मिळते, पण ती नसेल तर मोठं दुकान माल ठेवत नाही आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉल पण मिळणं अवघड. प्रदर्शनात जाताना हौसेनं सगळा माल नेऊ नका, परत आणायचं भाडं आपल्याच अंगावर पडतं.

शेळ्या, म्हैस, शिलाई, किराणा, प्रत्येकाचं वेगळं गणित आहे पण कॅलेंडरच्या मागं बसायचं काम तेच.

हप्ता चुकला तर

चुकतो कधीतरी. दवाखाना निघतो, जनावर मरतं, पाऊस पडत नाही. चुकायच्या आधी बँकेत जाऊन सांगा, नंतर नाही. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं आणि मग सगळ्या बारा जणींचं पुढचं कर्ज अडकतं. बँक ७ टक्क्यांनी देते, आपण गटात १२ नं वाटतो, मधला फरक गटाकडं साठतो, तो अशा वेळी एखादीचा हप्ता सांभाळायला वापरा, पण तिच्या नावावर कर्ज म्हणून लिहून, माफ करून नाही. एकदा माफ केलं की पुढच्या मीटिंगला तीन जणी तोंड बारीक करून बसतात.

पहिलं कर्ज नीट फिटलं की दुसऱ्याला निधीच्या ८ पट किंवा किमान ३ लाख. ते मागायला आम्ही त्याच ब्रांचला गेलो, मॅनेजर साहेब पण तेच. वही घेतली, पानं चाळली, या वेळी निळं-काळं-हिरवं सगळं होतं, आषाढीच्या पानावर "मीटिंग नाही, वारी" लिहिलेलं, आणि मधल्या एका पानावर तेलकट लाल डाग. साहेबांनी डागाचा वास घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, पाव किलोचं पाकीट केवढ्याला.